कुंपणापलीकडचा ठसका

"अगं, काय पेटवलंयस? शेजार उठवायचा ठरवलायस की काय?"

भिंतीपलीकडून आधी शिंक आली, मग काकूंचा आवाज आला आणि शेवटी नाकाला पदर लावलेल्या काकू स्वतः उगवल्या. आमच्या आणि त्यांच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. तिच्या एका टोकाला कोरफडीची कुंडी, दुसऱ्या टोकाला मांजराची बैठक, आणि कुंडी ते मांजर एवढ्या टापूत तळेगावातल्या निम्म्या संसारांचे निकाल लागतात.

मी मागच्या दारात वाडगा धरून उभी. वाडग्यात काळंकुट्ट तेल, डोळ्यांत पाणी.

"काही नाही हो काकू. नूडल्स करत होते. कोरियन. धाकटीला हव्यात."

"नूडल्स होय! मला वाटलं, दृष्ट काढतेस. म्हटलं ठसका लागतोय, म्हणजे दृष्ट नव्हतीच."

काकूंच्या हातात सूप होतं आणि सुपात बेडगी मिरच्या. वर्षाचा मसाला डंकावर न्यायचा म्हणून दोन दिवस त्या देठं खुडत बसल्या होत्या. सूप त्यांनी भिंतीवर टेकवलं. सूप टेकलं की अर्धा तास नक्की, हे मांजरालाही ठाऊक आहे. ते उठून गेलं.

"त्या काळ्या पाकिटातल्या का गं? आमची नात आणते. वर आग ओकणारी कोंबडी असते बघ."

"त्याच. बुलडाक. बुल म्हणजे आग, डाक म्हणजे कोंबडी. 2012 साली निघाल्या म्हणे."

"आगकोंबडी! आणि पाकिटाला किती घेतात?"

"शंभराच्या वर."

"शंभर रुपये मोजून तोंड पोळून घ्यायचं. आमची आई चटके फुकट द्यायची."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून धाकटीचं डोकं बाहेर आलं. "आजी, डेन्मार्कच्या सरकारनं 2024 च्या जूनमध्ये यातले तीन प्रकार दुकानांतून काढायला लावले होते. एवढं तिखट अंगाला बाधेल म्हणून. महिन्याभरात दोन परत आले."

"म्हणजे एकीलाच माहेरी ठेवलं तर," काकू म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "पण पाकीट उकळायला एवढा खकाणा कशाला उठेल? तू करत काय होतीस?"

मी सांगितलं. पाकिटं आता बंद, घरच्या सामानात करू, असं ठरलं होतं. वाडग्यात मिरचीपूड, लसूण, तीळ घ्यायचे आणि वर कडकडीत तेल ओतायचं, एवढीच तर कृती.

"कडकडीत म्हणजे?"

"धूर निघेपर्यंत."

काकूंनी कपाळाला हात लावला. "वीस वर्षं मिसळ करतेस ना गं? कटाला तर्री कशी आणतेस? तेल तापलं, गॅस बंद केला, जरा दम धरला आणि मग तिखट. मिरची जळली की रंग गेला, चव कडू, वर शेजाऱ्याला ठसका. कोरियात गेलं म्हणून फोडणीचा कायदा बदलतो का?"

नाही बदलत. शिवाय मी घेतली होती ती रोजच्या भाजीतली बारीक, लवंगीची तिखट पूड. धाकटी म्हणाली, त्यांची मिरची निराळीच असते. गोचुगारू तिचं नाव. उन्हात वाळवायची, बिया काढायच्या आणि भरड कुटायची. रंग लालभडक, तिखटपणा बेताचा, चवीला किंचित गोडसर.

काकूंनी सुपातली एक बेडगी उचलली, चिरली, बिया बोटानं झटकल्या आणि माझ्यासमोर धरली. "मग ही कोण आहे?"

खरंच की. सुरकुतलेली, गडद, जीव घेण्यापेक्षा रंग देण्यात पटाईत. मूठभर मिरच्या भिंतीवरून माझ्या पदरात आल्या. तव्यावर मंद आचेवर जरा कुरकुरीत केल्या, मिक्सरमध्ये दोनदाच फिरवल्या. पूड नको, भरड हवी. बोटांच्या चिमटीत तिचे पापुद्रे वेगवेगळे लागायला हवेत.

"पण काकू, खऱ्या कोरियन नूडल्सना गोचुजांग लागतं. ते आपल्याकडे नाही."

"ते आणि काय?"

पुन्हा खिडकी बोलली. चिकट तांदळाचं पीठ, जवाचे मोड, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, मिरची आणि मीठ एकत्र करून मातीच्या रांजणात भरायचं आणि महिनोन् महिने मुरवायचं. घराच्या अंगणात किंवा गच्चीवर अशा रांजणांचा ओटाच असतो. दिवसा झाकण काढून ऊन दाखवायचं, संध्याकाळी झाकायचं. सुनचांग नावाचं गाव तर त्यासाठीच प्रसिद्ध आहे.

काकू ऐकत राहिल्या. "म्हणजे ऊन दाखवणं, पावसाचा ढग दिसला की धावत जाऊन झाकणं, सगळं आलं. कुरडईचा गहू तीन दिवस भिजवून आंबवतो आपण, तो वास आठव. तसलंच काहीतरी असणार. आंबट, पण हवाहवासा."

गोचुजांग बाजारात मिळतं. पण ते नसलं तर अडत नाही, हे आता मी सोदाहरण सांगू शकते. खारट-मुरलेल्या चवीसाठी सोया सॉस, गोडीला गुळाचा खडा, आंबटाला व्हिनेगर. हुबेहूब होत नाही, पण जिभेची समजूत निघते.

दुसरा घाणा काकूंच्या देखरेखीखाली. शेगडी बाहेर ओट्यावर आणली, कारण काकूंना भिंतीवरून दिसायला हवं होतं. दोघींपुरतं माप असं: स्टीलच्या वाडग्यात 2 मोठे चमचे बेडगीची भरड, लसणाच्या 6 पाकळ्या ठेचून, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग चिरून, लहान चमचाभर किसलेला गूळ, चिमूटभर मीठ. तीळ कच्चे नकोत. कोरियन तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं असतं, त्याला खमंग वास येतो. आपलं तेल कच्च्या तिळांचं, त्यात तो वास नाही. म्हणून तीळ भाजून, जरा चुरडून घातले.

3 मोठे चमचे तेल तापवलं. गॅस बंद. काकूंच्या हुकमावरून लसणाचा एक तुकडा तेलात टाकला. तो तडतडला नाही, आजूबाजूला बारीक बुडबुडे धरून शांत तरंगत राहिला. "आता ओत."

ओतलं. चर्र असा लहानसा आवाज, भरड फुलून वर आली आणि तेल शेंदरी झालं. ठसका नाही. लसूण आणि तिळाचा वास तेवढा भिंत ओलांडून गेला. त्यात दीड मोठा चमचा सोया सॉस आणि लहान चमचाभर व्हिनेगर. नूडल्स साध्याच, मसाल्याची पुडी बाजूला ठेवून, पाकिटावर लिहिल्यापेक्षा एक मिनिट कमी उकळलेल्या.

"पाणी फेकू नकोस!" दोन आवाज एकदम. एक खिडकीतून, एक भिंतीवरून. धाकटीनं ऐकलं होतं की त्या पिठूळ पाण्याचे 4 चमचे घातले की तिखट नूडल्सना लपेटून बसतं. काकूंचं म्हणणं, शेवयांचं पाणी फेकणाऱ्या घरात लक्ष्मी राहत नाही. कारणं दोन, पाणी एकच.

सगळं कालवून वर कांद्याची हिरवी पात. घड्याळात दहा मिनिटं. वर अर्धं उकडलेलं अंडं छान लागतं, पण गुरुवार होता, काकूंनी नुसतं बघितलं तरी चाललं नसतं.

एक वाडगा भिंतीवर चढला. काकूंनी पहिला घास घेतला, थांबल्या, नाक ओढलं, दुसरा घास घेतला आणि पाणी मागितलं.

"पाणी नको आजी, दूध घ्या. तिखटाचा अंश पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात उतरतो. म्हणून ते लोक वर चीजची चकती टाकतात."

"आणि आपण मिसळीबरोबर दही घेतो," काकू दुधाचा पेला रिता करत म्हणाल्या. "पण एवढं तिखट तिकडे पोचलं कुणाकडून?"

मिरची मूळची अमेरिकेतली. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर गोव्यात उतरली, कोरियात साधारण सोळाव्या शतकाच्या अखेरीस पोचली. आणि पाकिटातल्या नूडल्स तर कालपरवाच्या. जपानात 1958 ला निघाल्या, कोरियात 1963 ला. कोरियन युद्धानंतर तिथे तांदळाची टंचाई होती. असं सांगतात की सेऊलच्या बाजारात एक व्यापारी गेला, तर माणसं अमेरिकी लष्कराच्या उष्ट्या-खरकट्याचं कालवण विकत घ्यायला रांगेत उभी. स्वस्तात पोट भरेल असं काहीतरी हवं म्हणून त्यानं जपानातून यंत्रं आणली आणि 10 वॉनला पाकीट विकलं. पहिल्या नूडल्स फिक्याच होत्या. तिखट मागाहून चढलं.

काकूंचा हात वाडग्यातच थांबला. "बहात्तरच्या दुष्काळात आम्ही मिलो खाल्लाय. ती लाल, परदेशी ज्वारी. भाकरी चिवट, चव काही नाही. आई काय करायची ठाऊक आहे? मिरचीचा ठेचा दुप्पट द्यायची. फिकं अन्न तिखटानं गिळवतं गं."

एवढं बोलून त्या गप्प झाल्या. काकू गप्प झाल्या की मला भीती वाटते, कारण पुढचा विषय त्या निवडत असतात. आमची मोठी अठ्ठावीस वर्षांची आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा अचूक ठाऊक असतं.

"तुझी मोठी नाही दिसली?"

आलाच विषय. पण माझ्या आधी खिडकी बोलून गेली. "आजी, तुम्हाला माहितेय? कोरियात लग्नाच्या पंगतीला नूडल्स असायच्या. लांब असतात ना, म्हणून लांब आयुष्य, लांब संसार. त्यामुळे 'लग्न कधी करतेस' असं विचारायचं असलं की ते विचारतात, 'आम्हाला नूडल्स कधी खायला घालतेस?'"

काकूंचे डोळे तिखटानं चमकत होते की आनंदानं, सांगता येत नाही. "म्हणजे आपलं 'लाडू कधी देतेस'!"

"तेच."

"अगं, मग माणसं शहाणी आहेत की!" असं म्हणून त्यांनी उरलेला वाडगा एका दमात संपवला.

नेमकी तेव्हा फाटक वाजवत मोठी आली. खांद्याला लॅपटॉपची बॅग, कानात गाणी. काकू भिंतीवर पुढे झुकल्या. "काय गं, नूडल्स कधी घालतेस खायला?"

"आईनं केल्यात ना काकू? नाहीतर मी रविवारी करते की!" आणि ती घरात गेली.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "रविवारी म्हणाली. वेळ फार थोडा राहिला गं, हॉल मिळायचा नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाडगा भिंतीवर होता. शेजारचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही हा काकूंचा शिरस्ता. खाली देठं काढलेल्या बेडगी मिरच्या, वर कागदात गुंडाळलेला एक बुंदीचा लाडू. एकच.

मोठीनं चहाबरोबर लाडू मोडला, माझ्याकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना. कोरियन मालिका धाकटीला लावल्या त्या तिनंच, हे माझ्या लक्षातच नव्हतं. काल भिंतीशी तिनं सगळं समजूनच उत्तर दिलं होतं.

"काकूंना सांग," ती बॅग उचलत म्हणाली, "पाणी अजून उकळलेलं नाही."

मी निरोप शब्दशः पोचवला. काकूंनी सूप हळूच भिंतीवर टेकवलं.

"अजून उकळलेलं नाही, असं म्हणाली? नक्की?" त्यांनी आवाज खाली आणला. "म्हणजे पातेलं चढलंय गं!"