शून्य रुपयांचं तिकीट

विमान लखनौच्या अमौसी विमानतळावर टेकलं आणि पट्टा सोडायच्या आधी काकांनी मला विचारलं, "इथून स्टँड किती लांब?"

ही जात तुम्ही पाहिली असेल. नव्या गावात लोक देऊळ विचारतात, हॉटेल विचारतात. हे स्टँड विचारतात. विमानाचं तिकीट लेकानं काढलेलं, म्हणून ते प्रवासात धरायचं नाही. लेक पोर्तुगालला. "बाबा, इथंही लहान लहान जुनी गावं आहेत, बसनं फिरू," असं दरवर्षी बोलावतो. एव्होराच्या रोमन देवळाचा फोटोही पाठवला त्यानं. काकांनी चष्मा वर करून पाहिला. "नुसते खांब? छपराचा निधी परत गेला वाटतं." काका ट्रेझरीतून निवृत्त झालेत.

त्यांच्या वहीत दोन रकाने असतात : 'खर्च' आणि 'वाचले'. विमानतळाबाहेर त्यांनी चार टॅक्सीवाल्यांना भाव विचारला. टॅक्सी करायची नव्हतीच. पण भाव कळल्याशिवाय वाचले किती, ते लिहायचं कसं? चौघांचीही बेरीज 'वाचले'मध्ये गेली. आपण चार टॅक्सींतून जाणार नव्हतो, हे मी दबल्या आवाजात सांगून पाहिलं.

2019 पासून मेट्रो थेट विमानतळापर्यंत येते. आलमबागच्या बसस्थानकाला तिनंच जायचं होतं. काकांनी नकाशावर बोट ठेवलं. "पुढचं स्टेशन अमौसी. तिथवर चालत गेलो तर एक टप्पा वाचेल." मी बॅगेवर बसून राहिलो. त्या दिवशीच्या 'खर्चा'त पहिली नोंद आहे : पुतण्याचा आळस.

कानपूरच्या बसमध्ये ते न विचारता उजवीकडच्या खिडकीत बसले. गाडी नैर्ऋत्येला जाणार, सकाळचं ऊन डावीकडून लागणार. हे ज्ञान त्यांना चाळीस वर्षांच्या एसटीनं दिलेलं. एसटीनंच त्यांना एक सवयही लावलीय. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून महाराष्ट्रात एसटी फुकट. कंडक्टर रीतसर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. त्यामुळे इथंही काकांनी ऐटीत आधार कार्ड पुढे केलं. कंडक्टरनं ते दोन्ही हातांनी घेतलं, जन्मसाल वाचलं, "माशाल्लाह" म्हणाला आणि परत दिलं. "चचा, टिकट पूरा लगेगा." एवढ्या अदबीनं पैसे गेल्यावर भांडायचं तरी कसं! उन्नाव येईपर्यंत काका गप्प होते.

कानपूरहून बिठूर. आपल्या जुन्या लोकांचं ब्रह्मावर्त. राज्य गेल्यावर दुसरे बाजीराव इथं येऊन राहिले. वाडा इंग्रजांनी सत्तावन्नात पाडला, त्यामुळे बघायला फारसं काही नाही. काकांना अशी ठिकाणं आवडतात. घाटावर एक खुंटी आहे, ती पृथ्वीचा मध्य म्हणतात. "आणि तिकीट नाही!" काका भक्तिभावानं म्हणाले.

मग पायरीवर बसून, दशमी-चटणी काढून त्यांनी मला सत्तावन्नचं बंड समजावलं. असा इतिहास मी शाळेत ऐकला नव्हता.

"बाजीरावांना पेन्शन वर्षाला आठ लाख. 1818 पासून. वारले 1851च्या जानेवारीत. म्हणजे उचलले साधारण दोन कोटी साठ लाख. पुढे वारस कोण? नानासाहेब, दत्तक मुलगा. डलहौसीचा शेरा : देय नाही. फॅमिली पेन्शन नाकारली रे! कागद व्यवस्थित असताना!" काकांचा आवाज चढला. शेजारी आंघोळ करणारा एक गृहस्थ बुडी मारायचा थांबला. "अपील केलं. 1853 साली अजीमुल्ला खानाला लंडनला पाठवलं. तेही फेटाळलं. येताना तो कॉन्स्टँटिनोपल करून क्रिमियाचं युद्ध बघून आला."

"मग?"

"मग काय? काम लंडनचं आणि क्रिमियाचा प्रवासभत्ता कोण मंजूर करणार?"

तलवार, काडतूस, मेरठ, काही आलं नाही. काकांच्या मते एका कारकुनानं वेळेत फाईल हलवली असती तर साम्राज्य निवांत चाललं असतं. वरसईचे गोडसे भटजी मात्र त्यांना मान्य. त्याच धामधुमीत माणूस पायी उत्तर हिंदुस्थान फिरला, लुटला गेला, तरी गंगेची कावड घेऊन घरी पोचला. "भाडं शून्य," काका हळहळले. कंडक्टरचं दुखणं अजून ताजं होतं.

इतक्यात नावाडी आला. पलीकडे न्यायचे किती, म्हणून काकांनी विचारलं. त्यानं सांगितलं. काकांनी घासाघीस करून भाव निम्म्यावर आणला.

"जायचंय का पलीकडे?" मी उठत विचारलं.

"छे," काका म्हणाले आणि वही उघडून उजव्या रकान्यात लिहू लागले. जरा थांबून त्यांनी तो निम्मा आकडा खोडला आणि पहिला लिहिला.