ड्रूगकाका

वाचणाऱ्यांच्या कुठल्याही कट्ट्यावर जा, तिथे एक ड्रूगकाका असतातच. वय साठीच्या पुढे, बँकेतून नाहीतर एलआयसीतून निवृत्त, खांद्याला शबनम, जून ते ऑक्टोबर हातात छत्री. सोसायटीत यांच्या जागेवर रोज दुसऱ्याची स्कूटर उभी असते आणि हे मुकाट्याने आपली गल्लीत लावून येतात. झुरळ दिसलं तर आधी काकूंना हाक मारतात. अशा माणसाचं सगळ्यांत आवडतं पुस्तक कोणतं असावं? 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'!

अँथनी बर्जेसची ही कादंबरी १९६२ सालची. थोड्या पुढच्या काळातलं इंग्लंड, त्यात पंधरा वर्षांचा ॲलेक्स आणि त्याची टोळी. रात्री रस्त्यात गाठून मारहाण, घरात घुसून लुटालूट, बलात्कार. मग घरी येऊन पलंगावर आडवं पडून पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, त्यातही बीथोव्हन. हे सगळं सांगतो खुद्द ॲलेक्स, आणि तेही 'नॅडसॅट'मध्ये. पोरासोरांची ही बोली बर्जेसने मुख्यतः रशियन शब्दांची मोडतोड करून बनवली. मित्र म्हणजे 'ड्रूग', दूध म्हणजे 'मोलोको', दात म्हणजे 'झूबी'. उत्तम ते 'हॉररशो'.

काकांचा पहिला नियम : शब्दार्थ बघायचे नाहीत. खुद्द बर्जेसला पुस्तकात शब्दसूची नको होती, हे ते भेटेल त्याला सांगतात. ती अमेरिकेतल्या आवृत्तीत मागे जोडली गेली. दुर्दैवाने काकांची फुटपाथवरून घेतलेली प्रत नेमकी अमेरिकन. म्हणून त्यांनी सूचीची सगळी पानं स्टेपलर मारून बंद केली आहेत. मी प्रत हातात घेऊन पाहिली. पिना दोनच आहेत, भोकं मात्र पुष्कळ.

दुसरा नियम : वाचलेलं वापरायचं. वॉचमनला ते 'काय ड्रूग, बरं आहे ना?' असं विचारतात. तळमजल्यावरच्या मुलाने घरी जाऊन 'ड्रगकाका आले' म्हटलं, तेव्हा त्याच्या आईने सेक्रेटरींना फोन केला होता. पोहे जमले की 'हॉररशो!' काकूंना पहिल्यांदा तो अपमान वाटला. त्यांनी महिनाभर पोहे केले नाहीत. आता त्या सरावल्यात. परवा मी बसलो असताना आतून आवाज आला, "अहो, तुमचं मोलोको उतू गेलं. ओटा पुसायला या." काका गेले आणि पुसून आले.

एवढा पापभीरू माणूस हे वाचतो कसं? पेपरात खुनाची बातमी आली की काका पान उलटतात. मालिकेत सासूने सुनेच्या थोबाडीत मारली तरी चॅनेल बदलतात. पण इथे टोळी एखाद्याला 'टोलचॉक' हाणते, 'क्रोव्ही' वाहू लागते, आणि काका खुशीत मान डोलवत असतात. बर्जेसची खरी करामत इथे आहे. रक्ताला रक्त म्हटलं असतं तर पुस्तक दहाव्या पानाला मिटलं असतं. परका शब्द मध्ये पडद्यासारखा येतो. त्याचा अर्थ लावण्यात आपण गुंततो, आणि अर्थ लागल्याचा आनंद इतका मोठा असतो की कोणाला किती लागलं याकडे लक्षच जात नाही. दहा-वीस पानांत आपणही टोळीची भाषा बोलायला लागलेलो असतो, आणि ज्यांची भाषा बोलावी त्यांचीच बाजू घ्यावीशी वाटते. काकाही ॲलेक्सच्या बाजूचे आहेत.

वास्तविक काका त्या कादंबरीत आहेत. अगदी पहिल्याच प्रकरणात. ॲलेक्सच्या टोळीची त्या रात्रीची पहिली शिकार म्हणजे एक वयस्कर, मास्तरी थाटाचा गृहस्थ. चष्मा, छत्री, काखेत वाचनालयातली पुस्तकं. पोरं त्याची पुस्तकं फाडतात, तोंडातली कवळी उपसून काढतात आणि बुटाखाली चिरडतात. मी एकदा हिय्या करून काकांना म्हणालो, "काका, हा तर थेट तुमच्यासारखाच दिसतो." काकांनी आपली कवळी जिभेने जरा सारखी केली. म्हणाले, "छे! तो फार भित्रा आहे."

भांडण मात्र त्यांच्याशी एकविसाव्या प्रकरणावरून. कादंबरी तीन भागांची, प्रत्येक भागात सात प्रकरणं. एकवीस हा आकडा बर्जेसने मुद्दाम धरला. तेव्हा माणूस सज्ञान व्हायचा तो एकविसाव्या वर्षी. शेवटच्या प्रकरणात ॲलेक्स अठरा वर्षांचा झालाय, त्याला मारामारीचा कंटाळा आलाय, आणि बायको असावी, एखादं पोर असावं, असे विचार त्याच्या मनात घोळू लागलेत. न्यूयॉर्कच्या प्रकाशकाला हे मिळमिळीत वाटलं, त्याने प्रकरणच गाळलं. स्टॅन्ली कुब्रिकचा १९७१ चा सिनेमाही त्या आखूड गोष्टीवरच संपतो. अमेरिकन वाचकाला पुस्तक पुरतं मिळालं ते १९८६ साली.

काकांच्या भाच्याने त्यांच्या वाढदिवसाला पूर्ण प्रत आणून दिली. काकांनी शेवटचं प्रकरण उभ्या उभ्या वाचलं, चष्मा काढला आणि निकाल दिला : "प्रक्षिप्त आहे."

"अहो, लेखकाने स्वतः लिहिलंय," भाचा म्हणाला.

"लिहिलं असेल. पण ॲलेक्स आणि संसार? शोभत नाही." हे सांगणाऱ्या माणसाने नोकरीभर पगाराचं पाकीट न फोडता काकूंच्या हाती ठेवलेलं आहे.

माझं मत विचाराल तर लेखकच बरोबर. गुंड म्हातारपणापर्यंत गुंडच राहतो असं मानणं सोपं आहे. तो एक दिवस आपसूक कंटाळतो, हे पचवणं जास्त अवघड. तेव्हा तुम्ही हे पुस्तक घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिसरा भाग उघडा आणि प्रकरणं मोजा. सात भरली तर खुशाल घ्या. सहाच असतील तर तिथेच राहू द्या, काकांची प्रत फार जीर्ण झाली आहे.