बहुमतातलं हिमोग्लोबिन

भालकी, औराद, आळंदकडे बाईला चक्कर आली की घरातलं निदान तयार असतं: “बायकांना व्हायचंच, सगळ्यांनाच होतं!” खोटं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या. लहान मुलं तर ६७ टक्के. लोकशाही आहे, बहुमत मिळालं की आजारही सत्तेवर बसतो आणि ‘नॉर्मल’ म्हणवून घेतो. अडचण एवढीच, की जागतिक आरोग्य संघटना मतं मोजत नाही. गरोदर नसलेल्या बाईला रक्ताच्या डेसिलिटरला १२ ग्रॅम हिमोग्लोबिन, ही संघटनेची रेघ. राज्यघटनेच्या कलम ३७१-जे मुळे आपल्या कल्याण कर्नाटकाला नोकऱ्यांत, शिक्षणात खास सवलत मिळाली. या रेघेतही मिळेल अशी आशा दिसते.

कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दाण्याची पत सरकारदरबारी सिद्ध झाली. ती तूर कापणारी, राशीवर राबणारी बाई मात्र घरात सगळ्यात शेवटी जेवते; तोवर डाळ संपलेली, पातेल्यात पिवळं पाणी. तिला दम लागला तर वय झालं. गड्याला लागू द्या, तासाभरात बिदरच्या दवाखान्यात सलाईन.