पहिल्या दोन तुकड्यांचा वाली कोण?

प्रवेशाचा हंगाम आला की महाविद्यालयांच्या फाटकांवर नव्या पदव्यांचे फलक झळकतात. कृत्रिम बुद्धिमत्ता, डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी. खाली ठळक अक्षरांत 'मान्यताप्राप्त'. तेवढं वाचून पालक निर्धास्त होतात. त्यांनी एवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

कागदावर मान्यतेची वाट चांगली लांबलचक आहे. अभ्यास मंडळ विषय आखतं, प्रस्ताव विद्याशाखेकडून विद्या परिषदेपुढे जातो. एखाद्या महाविद्यालयाला नवा अभ्यासक्रम काढायचा, तर 2016च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे तो विद्यापीठाच्या पंचवार्षिक बृहत् आराखड्यात बसायला हवा. मग शासनाची परवानगी, मग संलग्नीकरणासाठी समितीची भेट. तंत्रशिक्षण असेल तर एआयसीटीईची मंजुरी वेगळी. एवढ्या चाळण्या लावूनही खडा दाताखाली येतोच. कारण सगळ्यांचा प्रश्न एकच असतो : सोय आहे का? शिकवलं कसं जातं, हे तेव्हा कोणाला पाहताच येत नाही. वर्गच भरलेला नसतो.

समिती आली की खोल्या मोजते, संगणक मोजते, पुस्तकांची नोंदवही चाळते, नेमणुकांची फाइल पाहते. फाइलमध्ये नावं असतात. त्यातली किती माणसं दिवाळीनंतर वर्गावर दिसतील, हे फाइल सांगत नाही. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला तासांच्या हिशेबाने पैसे मिळतात, तेही अनेकदा महिनोन्महिने थकतात. बरी नोकरी मिळाली की तो जातो. दोष त्याचा नाही. पूर्णवेळ पदं न भरता अभ्यासक्रम सुरू करणाऱ्यांचा आणि करू देणाऱ्यांचा आहे.

मग दर्जा तपासतं कोण? नॅक अख्खं महाविद्यालय तपासते, एकेक अभ्यासक्रम नव्हे. अभ्यासक्रम तपासायला एनबीए आहे, पण तिच्याकडे जायचं तर किमान दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडलेल्या असाव्या लागतात. आता हिशेब करा. चार वर्षांची अभियांत्रिकीची नवी शाखा 2025मध्ये सुरू झाली, तर दुसरी तुकडी बाहेर पडेल 2030मध्ये. तोवर सहाव्या तुकडीच्या प्रवेशाची वेळ आलेली असेल. म्हणजे पाच तुकड्यांच्या पालकांनी पूर्ण फी भरायची, ती निव्वळ भरवशावर!

नॅकची तपासणी तरी निर्मळ आहे का? फेब्रुवारी 2025मध्ये सीबीआयने लाचखोरीच्या आरोपावरून नॅकच्या तपासणी समितीतल्या प्राध्यापकांनाच अटक केली. खटल्याचा निकाल न्यायालय देईल. पण श्रेणीच्या पाटीवरचा विश्वास डळमळला, तो डळमळलाच.

आणि तपासणी टाळायची वाटही मोकळी आहे. 2024-25पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले, महाराष्ट्रात त्यांना सीईटी लागू झाली. लगेच अनेक महाविद्यालयांनी बीएमएसचं नाव बदलून 'बीकॉम, मॅनेजमेंट स्टडीज' केलं. सीईटीची घाई, अपुरी माहिती या त्यांच्या तक्रारी खऱ्या होत्या. तरीही पाटी बदलून जे नियम चुकवता येतात, ते दर्जा राखू शकत नाहीत.

उपाय अवघड नाहीत. पूर्णवेळ शिक्षक आधी नेमा, प्रवेशाची जाहिरात मग द्या. पहिलं वर्ष संपायच्या आत, न कळवता, भरलेल्या वर्गात समिती पाठवा. तिने विद्यार्थ्यांशी बोलावं, प्रात्यक्षिकांच्या वह्या पाहाव्यात आणि तिचा अहवाल जसाच्या तसा संकेतस्थळावर लावावा. त्रुटी राहिल्या तर दुसऱ्या तुकडीचे प्रवेश थांबवावेत आणि पहिल्या तुकडीला चांगल्या महाविद्यालयात सामावून घ्यायची जबाबदारी विद्यापीठाने उचलावी. मंजुरीवर सही विद्यापीठाची असते, तर परिणामही विद्यापीठाने निस्तरायला हवेत.

हे होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी प्रवेशाच्या टेबलावर विचारावं : या विषयाचे पूर्णवेळ शिक्षक किती, त्यांची नावं काय, समितीचा अहवाल कुठे आहे? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली, तर फी भरू नये. पैसे आपले आहेत, आणि वर्षं आपल्या मुलांची.