ठेवणीतली गाडी

आमच्या अंगणात एक गाडी गेली कित्येक वर्षं आंघोळ करून, पावडर-कुंकू लावून बसलेली आहे. कुठं जायचंय हे तिला कुणी सांगितलेलं नाही. वर खाकी कापडाचं आवरण, त्याखाली जुन्या मऊ चादरीचं अस्तर आणि अस्तराखाली ती. मरून रंगाची, साडेचार मीटर लांबीची काँटेसा. पहाटे पारिजातक तिच्यावर फुलं ढाळतो आणि लांबून पाहणाऱ्याला वाटतं, इथं कुणी मोठं माणूस झोपलंय, हळू बोलावं. आमच्या घरात खरोखरच तिच्याजवळून जाताना सगळ्यांचा आवाज जरा खाली येतो. पाहुण्यांची पोरं अंगणात खेळायला लागली की आईचा जीव वर-खाली होतो. पोरांसाठी नव्हे.

अण्णांनी ती १९९१ साली घेतली. शाहूपुरीत आमची गुळाची अडत होती. गुळाचा धंदा मोठा चिकट. तो हाताला चिकटतो, वहीच्या पानांना चिकटतो, दुकानातल्या टेलिफोनला तर इतका चिकटलेला असायचा की रिसीव्हर कानापासून सोडवून घ्यावा लागे. उभा जन्म गुळात गेलेल्या माणसाला एकदा तरी एखाद्या गुळगुळीत वस्तूचा मोह पडावा, यात नवल नाही. काँटेसा म्हणजे काउंटची बायको, आपल्या हिशेबानं सरदारीणबाई. व्हॉक्सहॉलच्या इंग्रजी गाडीवरून बेतलेलं अंग, इसुझूचं १.८ लिटरचं जपानी काळीज, कोलकात्याजवळचं उत्तरपाडा हे माहेर आणि कोल्हापूर हे सासर. अण्णा तिला ‘बाईसाहेब’ म्हणत. आईला ते कधी तसं म्हणाल्याचं आठवत नाही.

पहिली दहा-अकरा वर्षं बाईसाहेब घराबाहेर पडत असत. जोतिबाला गेल्या, नरसोबाच्या वाडीला गेल्या, एकदा पुण्यापर्यंत जाऊन आल्या. मग २००२ साली या गाडीचं उत्पादनच बंद झालं. अण्णांनी ती बातमी अशी ऐकली, जशी एखाद्यानं आपल्या घराण्यात आता आपणच शेवटचे उरलो अशी ऐकावी. त्याच हंगामात कारखान्याकडं निघालेली उसाची ट्रॉली वळणावर जरा जास्त वळली आणि बाहेर आलेल्या उसाच्या शेंड्यांनी बाईसाहेबांच्या डाव्या गालावर चार बोटं लांबीचा ओरखडा काढला. ट्रॅक्टरवाला खाली उतरून म्हणाला, “मालक, पाला लागलाय नुसता, पुसून जाईल.” अण्णा काही बोलले नाहीत. दोन दिवस घरातही काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना भाताचं आळं करता करता म्हणाले, “एक वापरातली गाडी बघायला पाहिजे.”

ठेवणीतलं आणि वापरातलं. या दोन शब्दांत मराठी घराची अर्धी फाळणी झालेली असते. ठेवणीतले कप आणि वापरातले कप, ठेवणीतली चादर आणि वापरातली चादर. माणसांकडंही ठेवणीतला आवाज असतो, तो फोनवर निघतो. ठेवणीतलं हसू फोटोत निघतं आणि ठेवणीतल्या शिव्या तर काही लोकांकडं अशा असतात की ऐकणाऱ्यानं हरखून जावं. माझ्या आजीची पैठणी जुन्या धोतराच्या फडक्यात, वेखंडाच्या तुकड्यांसोबत गुंडाळून ट्रंकेच्या तळाशी असे. वर्षातून एकदा ती बाहेर निघायची, नेसण्यासाठी नव्हे, घडी बदलण्यासाठी. एकाच घडीवर राहिली तर जर चिरते, म्हणून. उन्हाची तिरीप जरीवर पडायची, आजी तळहातानं पदर एकदाच सपाट करायची, नवी घडी घालायची आणि ट्रंक बंद. आजीनं ती अंगावर किती वेळा घेतली असेल? आईच्या मते तीनदा. आत्याच्या मते चारदा, पण आत्या स्वतःचं लग्न दोनदा मोजते.

तर वापरातली गाडी म्हणून २००३ साली आमच्याकडं एक जुनी ओम्नी आली, ७० हजारांना. पांढरी, म्हणजे कागदोपत्री पांढरी. गंमत अशी की ही व्हॅन आणि ती काँटेसा दोघीही १९८४ सालीच या देशाच्या रस्त्यांवर अवतरल्या होत्या. एकाच साली जन्मलेल्या दोन पोरी, एक वाड्यात पडली आणि एक वीटभट्टीवर. ओम्नीला नाक नाही. जिथं बॉनेट सुरू व्हायचं, तिथं गाडीच संपते. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन पुढच्या सीटखाली, त्यामुळं थंडीत आई पुढं बसायची आणि कंबर शेकून घ्यायची. बाजूचं सरकतं दार उघडताना असा आवाज करायचं, की गल्लीतल्या सगळ्यांना कळावं, निघाले हे. हिंदी सिनेमानं या बिचारीला कायम अपहरणासाठीच वापरली. आमच्या व्हॅनमध्येही माणसं ओढूनच घ्यावी लागत, पण ती जागा नसल्यामुळं.

तिनं काय वाहिलं नाही? तीस-तीस किलोचे गुळाचे रवे वाहिले. गॅसची टाकी, बहिणीच्या लग्नातलं रुखवत, चुलत्यांच्या घरची मोडकी शिवणयंत्रं, गच्चीवरची पाण्याची टाकी. दरवर्षी कुंभार गल्लीतून गणपती यायचा तो तिच्यातूनच. मागची सीट काढून, गादी घालून, अण्णा मूर्तीला पाठीमागून धरून बसायचे आणि मी वीसच्या वेगानं चालवायचो. बाईसाहेबांत गणपती का आणत नाही, असं मी एकदा विचारलं. “सीटला शेंदूर लागंल,” अण्णा म्हणाले. मूर्तीला कुठं शेंदूर असतो? पण प्रेमाला कारण विचारलं की ते असलंच काही सांगतं.

हे वेड एकट्या अण्णांचं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण आटपाडीकडं आमच्या मामांच्या दावणीला मी हेच पाहिलं होतं. मामांकडं शर्यतीचा एक खिलार बैल होता, पांढराशुभ्र, शिंगं अशी मागं गेलेली, जशी कुणी एकाच ओढीत काढावीत. त्याला दूध, अंडी, शेंगदाण्याची पेंड, संध्याकाळी फेरफटका. नांगराला मात्र दुसरी जोडी. मातकट रंगाची, एकाच्या खांद्याला कायमचा घट्टा पडलेला. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, त्या राज्यात पुन्हा सुरू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. मधली सात वर्षं त्या खिलारानं काय केलं? बसून अंडी खाल्ली. नांगराला जुंपायचा विचार कुणाच्या मनालाही शिवला नाही. बेंदराच्या दिवशी मात्र झूल आणि पुरणपोळी तिघांनाही सारखी, आणि मामी घट्टा पडलेल्या बैलाच्या खांद्याला जरा जास्त वेळ तूप-हळद चोळायच्या. मामांना ते दिसायचं. ते दुसरीकडं बघायचे.

आणि कोल्हापुरात तर या वेडाला राजमान्यताच आहे. छत्रपतींच्या घराण्याची मेबॅक दसऱ्याला दसरा चौकात येते, तेव्हा तिला बघायला लोटणारी गर्दी काही साधी नसते. सोनं लुटायच्या आधी माणसं मोटार डोळ्यांनी लुटून घेतात. अण्णांनी ते लहानपणापासून बघितलेलं. त्यामुळं दसऱ्याला बाईसाहेबांनीही सीमोल्लंघन केलंच पाहिजे, असा त्यांचा दंडक. सकाळपासून आंघोळ, झेंडूचं तोरण, पुढं लिंबू-मिरची. दुपारी चारला आम्ही सगळे कडक इस्त्रीचे कपडे घालून आत बसायचो. शाहूपुरीपासून दसरा चौक चालत पंधरा मिनिटं. गाडीनं, त्या गर्दीत, पाऊण तास. शेवटी कुठंतरी अलीकडंच थांबायचं, उरलेलं अंतर चालत जायचं, आणि तेवढ्या वेळात गाडीजवळ थांबायला कोण, यावर अण्णा म्हणायचे, “मी थांबतो.” वर्षानुवर्षं त्यांनी सोनं लुटलेलं नाही. आम्ही आपट्याची पानं आणून त्यांच्या हातात द्यायचो, त्यातलं एक ते बाईसाहेबांच्या डॅशबोर्डवर ठेवायचे.

पण जपून ठेवलेल्या वस्तूचीही एक खोड असते. तिला न वापरल्याचाही त्रास होतो. बॅटरी उतरते, एकाच जागी उभं राहून टायर एका बाजूला बसतात, रबरी नळ्या वाळून तडकतात, टाकीतलं पेट्रोल शिळं होतं. एका पावसाळ्यात उंदरांनी वायरी कुरतडल्या, म्हणून इंजिनात डांबराच्या गोळ्यांच्या पुरचुंड्या बांधल्या. तेव्हापासून बाईसाहेबांना लग्नातल्या कोटाचा वास येतो. आमचे मिस्त्री दरवेळी कपाळावर हात मारायचे. “अण्णा, म्हातारीला रोज गल्लीतनं तरी फिरवा की. बसवून ठेवली की सांधे धरतात.” अण्णा गुडघा चोळत ‘बघू’ म्हणायचे. पंधरा वर्षं झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करायची असते. त्या तपासणीला ती गेली की दरवेळी तिथले साहेब तिच्याजवळ स्वतःचा फोटो काढून घेतात.

२०११ च्या जानेवारीत एका रात्री अडीच वाजता अण्णांच्या छातीत दुखायला लागलं. घाईत माणसाच्या हातून मनातलंच होतं. मी धावलो तो काँटेसाकडं. आवरण ओढलं, अस्तर ओढलं, किल्ली फिरवली. ‘टक्’. पुन्हा फिरवली. ‘टक्’. तिचा दोष नव्हता, झोपलेल्या माणसाला एकदम उठवून पळ म्हटल्यासारखं झालं होतं ते. मग व्हॅन. तिचं सरकतं दार त्या रात्रीही गल्ली जागी करत उघडलं. गणपतीची गादी आतच होती, तिच्यावर अण्णांना आडवं केलं, आई उशाशी बसली. रस्त्यात आरशातून बघितलं तर अण्णा काहीतरी पुटपुटत होते. मला वाटलं रामरक्षा. आई वाकली, तिनं ऐकलं आणि मला सांगितलं, “म्हणतायत, बरं झालं हिला काढलीस. थंडीत तिला दगदग नको.”

त्या रात्रीतून ते वाचले. पुढं अडीच वर्षं होते. दवाखान्यातून परत आले तेही व्हॅनमधूनच, पण पुढच्या सीटवर, इंजिनाची ऊब घेत. उतरल्यावर पहिल्यांदाच त्यांनी तिच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. जास्त नाही, दोनच.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा घरी आली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पाणी यायला लागलं तेव्हा मी काँटेसाला नवी बॅटरी घालून, चौघांच्या धक्क्यानं, उंचावरच्या एका मित्राच्या पोर्चमध्ये नेऊन ठेवली. व्हॅनसाठी परत येईपर्यंत पाणी गुडघ्याच्या वर होतं. लांबून दिसत होती ती, तोरण सुकलेलं, अर्धी पाण्यात, नाक नसलेला तो चेहरा आमच्याकडं वळवून. मी अण्णांचा मुलगा आहे हे मला त्या क्षणी फारसं आवडलं नाही. पूर ओसरल्यावर मिस्त्रींनी ती उघडली, चिखल काढला, तेल बदललं, तीन दिवस उन्हात वाळवली. चौथ्या दिवशी किल्ली फिरवली आणि ती सुरू झाली. खोकत, पण सुरू झाली. मिस्त्री म्हणाले, “हिला कुणी सांगितलंच नाही वाटतं, बंद पडायचं असतं म्हणून.”

त्याच साली ओम्नीचंही उत्पादन थांबलं होतं. बातमी मी पेपरात वाचली आणि पेपर तसाच हातात धरून बराच वेळ बसलो. बायकोनं विचारलं, “काय झालं हो?” काही नाही म्हणालो. पण त्या दिवसापासून मी व्हॅन खड्ड्यातून हळू काढायला लागलो. मग पावसात काढेनासा झालो. पाण्याच्या टाक्या, रवे, शिवणयंत्रं यांना टेम्पो सांगायला लागलो. गेल्या महिन्यात बायकोनं काँटेसाच्या जुन्या आवरणातून कापून व्हॅनला एक झगा शिवला. उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या झाल्या. आता अंगणात दोघी शेजारी-शेजारी झाकून बसलेल्या असतात आणि मंडईला मी भाजीच्या पिशव्या घेऊन चालत जातो.

तेव्हा कुणाकडं चालू स्थितीतली जुनी लूना असेल तर कळवावं. रंग कोणताही चालेल, थोडी गंजलेली असली तर उत्तमच. फक्त जीव जडेल इतकी चांगली नको. अंगणात आता जागा नाही.