डाव्या दारावरचा ओरखडा

स्विंडन, नोव्हेंबर

ती. आई आणि ती. बाबा यांना सा. न. वि. वि.

पार्सल काल पोचले. सोलां, कुळथाचे पीठ, उकडे तांदूळ सगळे सुखरूप आहे. खाजे दाराशीच उघडले गेले, त्यामुळे किती होते ते आता कोणालाच सांगता येणार नाही. बाबांनी डब्याला एवढी चिकटपट्टी गुंडाळली होती की तुमचे जावई करवत शोधायला निघाले होते.

आई, तुझा आवाज फोनवर इतका घाबरलेला होता की मला धड बोलताच आले नाही. तर ऐक. पोलीस केस नाही. कोणी कोणाला धडकले नाही. हे आधी आत्येला सांग, नाहीतर येत्या शुक्रवारच्या म्हापशाच्या बाजारात आमचे हातपाय मोडलेले असतील.

झाले असे. आमची गाडी गॅरेजात होती आणि एसेक्समधल्या मावसभावाकडे सत्यनारायण. म्हणून शनिवार-रविवारपुरती भाड्याची गाडी घेतली. काउंटरवरची मुलगी फार गोड. विमा आहे म्हणाली, पण नुकसान झाले तर पहिले बाराशे पौंड तुमच्या खिशातून. ते नको असतील तर रोजचे पंचवीस पौंड जास्तीचे भरा. आम्ही तेवढ्याच जोखमीसाठी बाहेरून घेतलेला स्वस्तातला विमा दाखवला. तिचा गोडवा तिथेच संपला. कार्डावर बाराशे पौंड अडकवून ठेवले आणि किल्ली दिली. रुपयांत करू नका, बाबा. लाखाच्या वर जाते.

मी मात्र गाडीला चारी बाजूंनी प्रदक्षिणा घालून मोबाईलवर चित्रण केले. हे लाजेने बाजूला जाऊन उभे राहिले.

(कुकर झाला. वरण घोटून येते.)

आता तो पूल. पूजा आटोपून आम्ही केंटमधल्या एका साखळीकर कुटुंबाला भेटायला गेलो. वाटेत डार्टफर्डला टेम्स ओलांडावी लागते. उत्तरेला जाताना नदीखालून बोगदे, दक्षिणेला येताना राणी एलिझाबेथच्या नावाचा पूल. तिथे टोल आहे आणि टोलनाका नाही! गर्दी होते म्हणून २०१४ साली नाके काढून टाकले. कॅमेरा गाडीचा नंबर टिपतो, आणि दुसऱ्या दिवशीच्या मध्यरात्रीपर्यंत आपणच आठवण ठेवून, घरी बसून, इंटरनेटवर पैसे भरायचे. साडेतीन पौंड. सप्टेंबर २०२५ आधी अडीच होते. पुलाचे कर्ज केव्हाच फिटले आहे, पण वसुली चालूच. रात्री दहा ते सकाळी सहा फुकट, म्हणजे पूजा पहाटे उरकली असती तर परवडली असती. नाही भरले तर दंड सत्तर पौंड, चौदा दिवसांत भरलात तर निम्मा.

मला राग पैशांचा नाही. अरे, पैसे हवेत तर हात तरी पुढे करा! केरीहून तेरेखोलला जाताना फेरीवर माणूस गाडीच्या खिडकीशी येतो, सुट्टे नसले तर दोन शब्द ऐकवतो, पण रात्री झोपताना पोटात गोळा येत नाही. इथे एवढे मोठे सरकार, आणि मागायला लाजते.

पुलावरची पाटी मी मोठ्याने वाचून दाखवली. जावई म्हणाले, "घरी गेल्यावर भरतो." दुसऱ्या दिवशी सोमवार, ह्यांची गोदामातली शिफ्ट सकाळी सहाची. पुढचे काय सांगू? नोटीस गेली गाडीच्या मालकाला, म्हणजे कंपनीला. कंपनीने काय केले, तर आमचा नाव-पत्ता सरकारला कळवला. त्या कळवण्याचे चाळीस पौंड. पुलाचे साडेतीन, दंडाचे पस्तीस आणि नाव सांगण्याचे चाळीस. करारात बारीक अक्षरांत लिहिले होते, म्हणून ते परत मिळणार नाहीत. आमच्या घरात सध्या "भरतो" हा शब्द उच्चारायला बंदी आहे.

ओरखडा हे वेगळे प्रकरण. गाडी परत केली तेव्हा माणसाने एक फेरी मारली, अंगठा वर केला. दहा-बारा दिवसांनी ईमेल. मागच्या डाव्या दारावर ओरखडा, दुरुस्तीचे २४० पौंड, कागदपत्रांचे ४५, कार्डातून वळते केले आहेत, आपला दिवस शुभ जावो. सोबत फोटो. फोटोत ओरखडा एवढा जवळून घेतला होता की तो दारावर आहे की चंद्रावर, कळेना.

माझ्याकडे प्रदक्षिणेचे चित्रण होते, तारीख-वेळेसकट. त्यात तोच ओरखडा आमच्या आधीपासून दिमाखात बसलेला. मी लिहिले: गाडी देतानाचा तुमचा तपासणीचा कागद दाखवा आणि दुरुस्तीचे खरे बिल दाखवा. उत्तर आले की बिल नाही, ही आमच्या दरपत्रकातली किंमत आहे. म्हणजे दार दुरुस्त झालेच नव्हते! ते तसेच पुढच्या गिऱ्हाइकाकडे गेले असणार. तेव्हा मला या धंद्याचे मर्म कळले. ओरखडा बुजवला तर एकदा पैसे, ठेवला तर वर्षभर.

मग मी बाबांची मुलगी झाले. २०१५ साली युरोपीय आयोगापुढे पाच बड्या कंपन्यांनी कबूल केले होते की नुकसानीचे पैसे घेण्याआधी कारण आणि पुरावा दाखवू, ते लिहिले. इथे १९७४ चा एक कायदा आहे: क्रेडिट कार्डाने शंभर ते तीस हजार पौंडांपर्यंतचे काही घेतले आणि विकणाऱ्याने फसवले, तर बँकही त्याच्याइतकीच जबाबदार. त्याचे कलम ७५ लिहिले. गाडीवाल्यांच्या संघटनेकडे फुकटात मध्यस्थी मागता येते, तिकडे जाते म्हणून लिहिले. शेवटी पैसे आले. चूक झाली असे कुठेही नाही हां. "सद्भावना म्हणून परत करीत आहोत." कागदपत्रांचे ४५ सुद्धा सद्भावनेत आले, म्हणजे त्यांची सद्भावना नेमकी २८५ पौंडांची.

अमेरिकेत तर २०२५ पासून काही विमानतळांवर कॅमेऱ्यांच्या कमानीच लावल्या आहेत, गाडी खालून गेली की यंत्रच खरचटे मोजते. अटलांटाला चाकावरच्या इंचभर खरचट्याला एकाकडून ४४० डॉलर मागितले. त्यातले दुरुस्तीचे २५०, बाकी सगळे कागदपत्रांचे. मामंजींना सांगा, डिचोलीच्या खाणीवर त्यांचा ट्रक होता तेव्हा दिवसाला एवढी खरचटी पडायची की त्या हिशेबाने २०१२ ला खाण बंद होण्याआधीच ते बंगला बांधून मोकळे झाले असते. त्यांचे तंटे चहाच्या गाड्यावर मिटायचे आणि चहाचे पैसे ज्याची चूक तो द्यायचा.

काल रात्री पार्सलातल्या पिठाची पिठी केली. लसणीची फोडणी दिली आणि छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायला लागला. खिडकी उघडायची असते अशा वेळी. आमची आर्या म्हणाली, "आजीच्या घरासारखा वास येतोय." मग मी नाही उघडली खिडकी. टॉवेलने भोंग्याला वारा घालत उभी राहिले, आणि डोळ्यांना पाणी आले ते धुराने असे सगळ्यांना सांगितले. यंदाही पेडण्याची पुनव चुकली. वहिनीने पाठवलेले फोटो बघितले, पण फोटोत ढोल वाजत नाही.

आता दादाचे. बाबा, हे त्याला बोलावून वाचून दाखवा, जेवण झाल्यावर.

दादा, वहिनीने सगळे सांगितले. दिल्लीच्या पोरांनी तुझी स्विफ्ट मोरजीच्या किनाऱ्यावर घातली, भरती आली आणि ट्रॅक्टरने ओढून काढावी लागली. किनाऱ्यावर गाडी नेणे हा गुन्हाच आहे, चटयांमधून वाळू निघाली, खालच्या पत्र्याला खारे पाणी लागले. याचे पैसे घे, खुशाल घे. ट्रॅक्टरवाल्याची पावती आणि गॅरेजचे खरे बिल लावून घे. पण वहिनी म्हणाली की तू डिपॉझिटमधून डाव्या दारावरच्या ओरखड्याचेही तीन हजार कापलेस.

दादा, तो ओरखडा म्हाद्याच्या रिक्षाने चवथीला काढला. मी माटोळीची फळे उतरवत अंगणात उभी होते. गेल्या वर्षीच्या चवथीला! तेव्हापासून तो किती जणांकडून वसूल झाला? विमानतळ झाल्यापासून पेडण्यात घरटी एक भाड्याची गाडी उभी राहिली, पण कमावता ओरखडा फक्त आपल्याच घरी.

ती पोरे ग्राहक आयोगात जाऊ म्हणतात, ते हसण्यावारी नेऊ नकोस. २०१९ च्या कायद्याने तक्रार करणारा जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते. पर्वरीला नाही, दिल्लीला. पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षांची, आणि ऑनलाइन. त्यांना एक मोबाईल पुरेल, तुला रेल्वेचे तिकीट लागेल. ओरखड्याचे तीन हजार परत कर. हवे तर सद्भावना म्हण. आणि यापुढे गाडी देताना गिऱ्हाइकासमोर चित्रण कर, जुने खरचटे कागदावर लिही, दोघांनी सही करा.

आत्येच्या बाबल्यालाही सांग. तुझी निदान काळी पाटी आणि पिवळी अक्षरे आहेत. तो पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्याने लावतो आणि वर म्हणतो की पाहुण्यांना दिली. पकडला तर पहिल्याच वेळी दहा हजार, आणि गाडी ठोकली तर विमा कंपनी हात वर करील. अशा वेळी त्याला ते "पाहुणे" ओळखही देणार नाहीत. आत्ये रागावली तर रागावू दे, मी लांब आहे.

आम्ही मे महिन्यात येतो, मानकुराद संपायच्या आत. मोपाला उतरू. दादा, न्यायला तूच ये, आणि डिपॉझिट मागू नकोस.

मुलांना शाळेतून आणायची वेळ झाली. बाबांनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. वहिनीला नमस्कार, छोट्याला पापा.

तुमची,
सुमा

ता.क. शकूमावशीच्या पुतणीचे लग्न मुलाकडच्यांनी मोडले की आपल्याकडच्यांनी? आई एक सांगते, बाबा दुसरेच. नीट विचारून कळवा, इथे साखळीकरांनी मला विचारले आणि मला गप्प बसावे लागले.