हिरव्या कोटातली मंडळी

कपड्यांवरून माणसाचा धंदा ओळखू नये, हे आपल्याला पाठ असतं. माशी दिसली की मात्र ते साफ विसरतो. जास्वंदीवर काहीतरी हिरवं-सोनेरी लखकन चमकलं की घरातला एक जण "शी, उकिरड्यावरची!" म्हणतो, दुसरा "अय्या, काय सुंदर!" म्हणतो. दोघांनीही तिच्याकडे नीट पाहिलेलं नसतं.

मुळात चकाकणारी प्रत्येकजणी माशी नसते. मोरपंखी रंगाची, सडपातळ, लांब मिशा सारख्या हलवणारी कुणी भिंतीलगत फिरताना दिसली, तर ती गांधीलमाशीच्या गोतातली. झुरळाच्या मेंदूत नांगी मारायची आणि मग त्याला मिशीला धरून, दावं लावलेल्या बैलासारखं मुकाट बिळात न्यायचं, हा तिचा उद्योग. तिला पंखांच्या दोन जोड्या. माशीला एकच, दुसरीच्या जागी तोल सांभाळणारे दोन बारीक दांडे. अर्थात, पंख मोजेपर्यंत बाई थांबल्या तर!

त्यापेक्षा ती कुठे बसते ते बघावं. उन्हातल्या पानावर, लांब पायांवर अंग उचलून ऐटीत उभी, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरची, बहुधा पंखांवर काळसर पट्टे असलेली दिसली, तर ती लांबपायी माशी. दोन पावलं पुढे, एक तिरकं, भुर्रकन उडाली की पुन्हा पानावर हजर. आपल्याला वाटतं मिरवतेय. ती मावा आणि फुलकिडे टिपत असते. रंगही उसना नाही: कातडीच्या पातळ थरांवर उजेड खेळतो, म्हणून मान जरा कलती केली की हिरवी माशी तांबूस दिसते.

जाडजूड, विटकरी डोळ्यांची, घोंगावणारी निळी-हिरवी असेल तर ती मासळीबाजारातली. तिला नाक मुरडावं हे ठीकच, अन्नावर तर बसूच देऊ नये. पण हीच बया आंब्याच्या मोहोरावर परागकण वाहते. तैवानमधले बागाईतदार तिला बोलवायला बागेत सडके मासे ठेवतात. हापूसच्या फोडी पुढे आल्या की हा विषय काढू नये, एवढंच.

तिची हिरवी चुलत बहीण लुसिलिया तर इस्पितळात पोचली. पहिल्या महायुद्धात, 1917 साली, विल्यम बेअर या अमेरिकन शल्यविशारदाने पाहिलं की अळ्या पडलेल्या सैनिकांच्या जखमा आतून स्वच्छ होत्या. लुसिलियाच्या अळ्या बहुधा मेलेलं मांस तेवढं खातात. 2004 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या अळ्यांना मान्यता दिली, तीही 'वैद्यकीय उपकरण' म्हणून! सरकारी कारकुनांची विनोदबुद्धी आपण उगाच कमी लेखतो.

तेव्हा मावा दिसला म्हणून लगेच पंप काढू नका. आधी पानावर कुणी हिरवी उभी आहे का बघा. औषधाला मावा आणि माशी यांतला फरक कळत नाही. आणि आंबा मोहोरला असेल, तर पंप कोठीतच राहू द्या.